अकराच्या पोटात दहा

या वेळच्या टपालात ऑपरेटिंग सिस्टिमच्या नावांवरून आणि आकड्यांवरून इतके प्रश्न आले की अख्खं सदर त्यांनाच दिलंय. माझी नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगमधली. एखादा प्रोग्रॅम कुठकुठल्या व्हर्जनवर चालतो ते तपासायचं, तक्त्यात लिहायचं आणि चालला नाही की डेव्हलपरच्या मागे लागायचं. थोडक्यात, या आकड्यांवरच माझं पोट चाललं. त्यामुळे हात जरा सैल सुटला तर सांभाळून घ्या.

प्रश्न : ताई, मी हिशेबनीस आहे. माझ्या लॅपटॉपवर विंडोज ११ आहे. परवा फोनवरच्या सपोर्टवाल्यानं काळी खिडकी उघडून 'व्हर' अशी कमांड द्यायला लावली, तर उत्तर आलं १०.०. शिवाय माझ्या ईमेल खात्यात 'तुम्ही कुठून लॉगिन केलंत' अशी जी यादी असते, तिथंही विंडोज १० लिहिलंय. मला अकरा म्हणून दहाच दिलंय का?

नाही हो. तुमचं अकरा अस्सल आहे. त्या ओळीत १०.० च्या पुढे टिंब देऊन आणखी एक पाच आकडी संख्या असेल, ती बघा. तिला बिल्ड नंबर म्हणतात. तो २२००० किंवा त्याहून मोठा असला की तुमच्यापुढे विंडोज ११ आहे. विंडोज १० ची गाडी १९०४५ वर थांबली.

मग सुरुवातीला १०.० कशाला? कारण खोक्यावरचं नाव माणसांसाठी असतं आणि आतला आकडा इतर प्रोग्रॅमसाठी. नाव मार्केटिंगवाले ठरवतात. आतला आकडा ठरवणाऱ्यांना वेगळीच भीती असते : हा बदलला तर कुणाचं काय बंद पडेल?

ही भीती उगाच नाही. विंडोज २००० चा आतला आकडा ५.० होता, एक्सपीचा ५.१. आता समजा एखाद्या डेव्हलपरला 'एक्सपी किंवा त्यापुढचं' हवं आहे. तो काय लिहितो? पहिला आकडा किमान ५ आणि दुसरा किमान १ असेल तरच पुढे जा. एक्सपीवर बिनचूक चालतं. मग व्हिस्टा येतं, ६.०. सहा पाचापेक्षा मोठा, पण शून्य एकापेक्षा लहान. झालं! 'तुमचं विंडोज फार जुनं आहे' असं सांगून इन्स्टॉलर दार लावून घेतो, तेही त्या वेळच्या सगळ्यात नव्या विंडोजवर. ही चूक मी वेगवेगळ्या लोकांच्या कोडमध्ये इतक्यांदा पाहिली आहे की नवा प्रोग्रॅम हातात आला की मी आधी तीच तुलना उघडून बघायची.

म्हणून २००९ साली विंडोज ७ आलं ते आतून ६.१ होतं. ७ हा आकडा फक्त बाहेरच्या पाटीवर. विंडोज ८ आतून ६.२, ८.१ आतून ६.३. विंडोज १० च्या सुरुवातीच्या चाचणी आवृत्त्या तर ६.४ होत्या; नंतर आत आणि बाहेर एकच आकडा असावा म्हणून थेट १०.० केलं. तो सुखाचा संसार २०२१ पर्यंत टिकला. अकरा आलं आणि आत पुन्हा १०.० च राहिलं.

याहून गमतीची गोष्ट ८.१ पासून सुरू झाली. जुन्या पद्धतीनं व्हर्जन विचारणाऱ्या प्रोग्रॅमला विंडोज आता खरं उत्तरच देत नाही. प्रोग्रॅमनं स्वतःच्या मॅनिफेस्ट नावाच्या फाइलीत 'मला या व्हर्जनची ओळख आहे' असं लिहून दिलेलं नसेल, तर त्याला ६.२ सांगितलं जातं, म्हणजे विंडोज ८. चक्क थाप. पण मी तिच्या बाजूनं आहे. खरं ऐकून गोंधळ घालणाऱ्याला एका ठरावीक आकड्यावर शांत बसवलेलं बरं.

आणि ही थाप जुनी आहे. विंडोज ९५ चा खरा आकडा ४.०. पण विंडोज ३.१ च्या काळातले जुने प्रोग्रॅम विचारायला आले की ते ३.९५ असं सांगायचं. का, तर ३.१ हा आतून ३.१० असा नोंदलेला होता आणि कित्येक प्रोग्रॅम 'दुसरा आकडा किमान १० हवा' एवढंच बघायचे. ४.० मधलं शून्य त्यात नापास झालं असतं. ९५ आरामात पास! आकडा असा शोधून काढणाऱ्या माणसाला माझा नमस्कार.

राहिली तुमची लॉगिनची यादी. ब्राउझर प्रत्येक वेबसाइटला स्वतःची ओळख सांगणारी एक ओळ पाठवतो. तिच्यात विंडोजचा आकडा 'एनटी १०.०' (एनटी हे विंडोजच्या या घराण्याचं जुनं नाव) असाच गोठवून ठेवलेला आहे, अकरावरसुद्धा. कारण तेच : आकडा पुढे गेला तर जुन्या वेबसाइटी गडबडतील. मॅकवाल्यांचंही तसंच, त्यांच्या ओळीत बरीच वर्षं १०.१५.७ च येतंय. त्यामुळे यादीत दहा दिसलं तरी पासवर्ड बदलायला पळू नका. ठिकाण आणि वेळ मात्र नीट तपासा.

प्रश्न : विंडोज ८ नंतर एकदम १० कसं? ९ कुठे गेलं? माझा मुलगा म्हणतो की ९५ आणि ९८ मुळे ते गाळावं लागलं.

मुलानं जी गोष्ट ऐकली ती अशी : काही प्रोग्रॅम विंडोजचं नाव अक्षरांत तपासतात आणि 'विंडोज ९' नं सुरू होणारं काहीही दिसलं की ते ९५ किंवा ९८ समजतात. नवं विंडोज ९ आलं असतं तर ते वीस वर्षं जुनं ठरलं असतं. असा कोड खरोखर अस्तित्वात आहे, जावामध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये तो उघड्यावर बघायला मिळतो. पण सप्टेंबर २०१४ मध्ये नावाची घोषणा झाली तेव्हा कंपनीनं हे कारण दिलं नव्हतं. 'हे पाऊल इतकं मोठं की याला नऊ म्हणणं बरोबर नाही' असा त्यांचा एकूण सूर होता.

माझं मत विचाराल तर गोष्ट चटकदार आहे, पण ती सगळा भार उचलू शकत नाही. बहुतेक प्रोग्रॅम आकडा विचारतात, आणि आकडा आला असता ६.४. जावा ते नाव स्वतःजवळच्या यादीतून काढतं. जुन्या जावाच्या यादीत 'विंडोज ९' नसतंच, त्यामुळे ते काहीतरी वेगळंच सांगून मोकळं झालं असतं. मला तर विंडोज ८ वर लोक इतके चिडले होते की त्याच्यापासून एका पायरीपेक्षा जास्त अंतर दाखवण्याची निकड हेच कारण जास्त पटतं. मुलाला सांगा, अर्धे गुण.

आणि सात हा तरी सातवा कसा, असंही पुढे विचाराल म्हणून सांगते. १, २, ३ सरळ. ९५, ९८, 'मी' (एमई) नावाचं विंडोज आणि एनटी ४ हे सगळे आतून ४. विंडोज २००० आणि एक्सपी मिळून ५. व्हिस्टा ६. मग ७. म्हणजे गणती आतल्या आकड्यांची धरली आणि नेमक्या त्याच विंडोजच्या आत ६.१ घातलं! असो.

प्रश्न : माझ्या मॅकवर सिक्वोया १५ आहे. अपडेट सुचवतोय थेट २६. मधली दहा व्हर्जन माझ्याकडून राहून गेली का?

एकही नाही. १५ नंतरचंच २६, टाहो. २०२५ मध्ये ॲपलनं सगळ्या उपकरणांच्या सिस्टिम एका आकड्यावर आणल्या. तोवर फोन १८ वर, मॅक १५ वर, घड्याळ ११ वर आणि डोळ्यांवर लावायचा व्हिजन प्रो २ वर होता. आता सगळे २६. आकडा वर्षाचा आहे, पण निघालेल्या वर्षाचा नाही, पुढच्या वर्षाचा. २०२५ च्या शेवटी बाहेर पडलेली सिस्टिम मुख्यत्वे २०२६ मध्ये वापरली जाते, असा हिशेब. टेस्टर म्हणून मी या निर्णयावर खूश आहे. आमच्या तक्त्यात फोनचं १८ आणि मॅकचं १५ ही एकाच मोसमाची जोडी आहे हे दर नव्या मुलाला तोंडपाठ करावं लागायचं.

मॅकच्या आकड्यांचा इतिहास मात्र विंडोजइतकाच वाकडा आहे. १९९७ मध्ये आलेली मॅक ओएस ८ मुळात ७.७ म्हणून बाहेर पडणार होती. त्या काळी इतर काही कंपन्यांना मॅकची नक्कल-यंत्रं बनवायचे परवाने दिलेले होते आणि ते सिस्टिम ७ पुरते होते. आकडा ८ केला की परवाना संपला. सॉफ्टवेअरचा आकडा वकिली कामाला आल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

मग मार्च २००१ मध्ये ओएस टेन आली. नावातला 'एक्स' म्हणजे रोमन दहा. हा दहा नावातच कोरला गेल्यामुळे पुढची एकोणीस-वीस वर्षं १०.० ते १०.१५ अशीच चालली. चित्ता, प्यूमा, जॅग्वार, पँथर अशी मांजरकुळातली मोठी जनावरं आधी संपली, २०१३ च्या १०.९ पासून कॅलिफोर्नियातल्या जागांची नावं सुरू झाली. आणि १०.९ नंतर १०.१० आलं तेव्हा आमच्याकडे हलकल्लोळ. व्हर्जनमधलं टिंब हा दशांश चिन्हाचा भाऊ नव्हे. ते फक्त दोन वेगळ्या संख्यांमधली भिंत आहे. पण प्रोग्रॅमनं ते दशांश म्हणून वाचलं की १०.१० म्हणजे १०.१, आणि १०.१ म्हणजे २००१ सालचा प्यूमा! अक्षरांच्या क्रमानं लावलं तरी १०.१० हे १०.९ च्या आधी येतं. २०२० मध्ये बिग सर नावाचं व्हर्जन अखेर ११ झालं, तेव्हा जुन्या पद्धतीनं बांधलेल्या प्रोग्रॅमना ते स्वतःला १०.१६ म्हणवून घ्यायचं. ओळखीचं वाटतंय ना?

प्रश्न : अँड्रॉइडच्या व्हर्जनना पूर्वी गोड पदार्थांची नावं असायची. ती का बंद झाली?

बाहेर बंद झाली, आत चालू आहेत. २००९ च्या १.५ ला कपकेक, मग डोनट, एक्लेअर अशी इंग्रजी वर्णमालेच्या क्रमानं नावं ९ पर्यंत म्हणजे 'पाय'पर्यंत गाजली. २०१९ मध्ये १० नुसतंच १० झालं. दिलेलं कारण मला पटतं : ही नावं जगभर सगळ्यांना कळत नाहीत. काही भाषांत बोलताना 'ल' आणि 'र' यांच्यात फरक होत नाही, त्यामुळे 'लॉलीपॉप' हे 'किटकॅट'नंतरचं हे नुसतं ऐकून समजत नाही. 'पाय' हा जेवणानंतरचा गोड पदार्थ आहे हेही सगळीकडे माहीत नसतं. पण इंजिनियर मंडळींनी जीभ आवरली नाही. १० ला आत क्विन्स टार्ट म्हणतात, १३ ला तिरामिसू, १५ ला व्हॅनिला आइस्क्रीम. तिथून पुढे झेडपर्यंत जाण्याऐवजी १६ ला पुन्हा 'बी' पासून, बकलावा.

ॲप बनवणारे यातलं काहीच वापरत नाहीत. त्यांच्यासाठी एपीआय लेव्हल नावाचा तिसराच आकडा असतो, जो दर खेपेला निमूटपणे एकानं वाढतो. अँड्रॉइड १० ची लेव्हल २९, १४ ची ३४. १२ आणि १३ च्या मध्ये मोठ्या पडद्यांसाठी '१२एल' आलं, त्यालाही स्वतःची लेव्हल मिळाली, ३२. नाव बदला, आकडा गाळा, या तिसऱ्याला फरक पडत नाही. मला विचाराल तर या सगळ्या गोतावळ्यात तोच एक शहाणा.

प्रश्न : उबुंटूचं २४.०४ आणि २४.१० यांत फरक किती? ०.०६ म्हणजे किरकोळच ना? आणि ती चमत्कारिक प्राण्यांची नावं कशी ठेवतात?

पुन्हा टिंब! लिनक्सवर बांधलेल्या या सिस्टिमचं २४.०४ म्हणजे २०२४ चा चौथा महिना, २४.१० म्हणजे ऑक्टोबर. दोघांत सहा महिन्यांचं काम आहे. पहिलं उबुंटू ऑक्टोबर २००४ मध्ये आलं म्हणून ते ४.१०, त्याच्याआधी १, २, ३ कधी नव्हतंच. तारखेच्या आकड्याची गंमत अशी की उशीर लपवता येत नाही. २००६ मध्ये ६.०४ यायचं होतं, काम दोन महिने लांबलं आणि आकडा झाला ६.०६. विंडोज १० नं हीच रीत १५०७, १६०७, १९०३ अशी उचलली. २०२० मध्ये त्या हिशेबानं २००३ यायला हवं होतं, पण 'विंडोज सर्व्हर २००३' नावाचं जुनं उत्पादन आधीच लोकांच्या डोक्यात होतं. म्हणून २००४. पुढच्या खेपेपासून महिनाच काढून टाकला आणि २०एच२, म्हणजे २०२० चा उत्तरार्ध, असं लिहायला लागले.

प्राण्यांच्या नावात विशेषण आणि प्राणी एकाच अक्षरानं सुरू होतात. ६.०६ चं डॅपर ड्रेक, तिथून वर्णमालेनं पुढे जात १७.०४ ला झेस्टी झापस, मग पुन्हा 'ए' पासून आर्टफुल आर्डवार्क. २४.०४ आहे नोबल नंबॅट. अक्षरांच्या क्रमावरून कोण आधी कोण नंतर ते कळतं, हा खरा उपयोग.

डेबियन या दुसऱ्या लिनक्स सिस्टिमच्या नावांत असा क्रम मुळीच नाही, पण मला तीच जास्त आवडतात. ती 'टॉय स्टोरी' या चित्रपटातल्या खेळण्यांची आहेत, कारण सुरुवातीच्या काळात प्रकल्पाची धुरा सांभाळणारे ब्रूस पेरेन्स तो चित्रपट बनवणाऱ्या पिक्सारमध्ये नोकरीला होते. बझ, रेक्स, वुडी, जेसी, बुकवर्म. जिच्यात सतत तोडफोड चालू असते त्या कच्च्या शाखेचं नाव कायमचं सिड, म्हणजे खेळणी मोडणारा शेजारचा पोरगा. पहिलं पक्कं डेबियन १.१ आहे, कारण सीडी विकणाऱ्या एका कंपनीनं अर्धवट तयार सिस्टिमच '१.०' असा शिक्का मारून बाजारात पाठवली. तीच खरी १.० समजली जाऊ नये म्हणून १९९६ मध्ये प्रकल्पानं तो आकडा सोडून दिला.

प्रश्न : लिनक्स कर्नल ५ वरून ६ झाला तेव्हा नेमकी काय क्रांती झाली?

काहीच नाही. कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा, आणि लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचं त्याच्या आकड्याबद्दलचं म्हणणं उघड आहे : टिंबानंतरचा आकडा हातापायांच्या बोटांवर मोजता येईनासा झाला की पुढचा धरायचा. ३.१९ नंतर ४.०, ४.२० नंतर ५.०, ५.१९ नंतर ऑक्टोबर २०२२ मध्ये ६.०. नवा कर्नल साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येतो. त्यात काय आहे हे ठरवायला आकडा उपयोगाचा नाही.

पूर्वी होता. दुसरा आकडा सम असला तर कर्नल पक्का, विषम असला तर प्रयोगाचा, २.४ वापरा, २.५ पासून लांब राहा. २.६ आला २००३ च्या डिसेंबरात आणि मग ही रीत सुटली. सात-साडेसात वर्षं सगळं २.६ च्या मागे तिसरा आकडा लावून चाललं, २.६.३९ पर्यंत. जुलै २०११ मध्ये, लिनक्सला वीस वर्षं होत आली म्हणून, त्याचं ३.० केलं. आता प्रोग्रॅमना सवय २.६ नं सुरू होणाऱ्या आकड्याची! तेव्हा कर्नलमध्येही एक कळ बसवावी लागली, जी दाबली की ३.० स्वतःला २.६.४० म्हणवतो. कंपनी असो वा स्वयंसेवकांचा प्रकल्प, थाप सगळ्यांना मारावी लागते.

नुसत्या ईर्ष्येनं आकडा वाढवल्याचा प्रामाणिक नमुना हवा असेल तर स्लॅकवेअर नावाचं लिनक्स घ्या. १९९९ मध्ये ते ४.० वरून थेट ७.० वर गेलं. इतर लिनक्सवाल्यांचे आकडे पुढे गेलेले आणि लोक विचारत, तुमचं मागे का? उडी मारली, विचारणा थांबली.

प्रश्न : मी कॉलेजात आहे आणि एक छोटं ॲप बनवतेय. व्हर्जनला आकडे कसे देऊ?

तीन संख्या ठेव, मध्ये टिंबं. जुन्याशी जमणार नाही असा बदल केलास की पहिली वाढव, नवी सोय दिलीस की दुसरी, नुसती दुरुस्ती केलीस की तिसरी. तुलना करताना प्रत्येक भाग वेगळा काढून संख्या म्हणून तपास, सगळी ओळ अक्षरं म्हणून नाही. फाइलीच्या नावात 'न्यू', 'फायनल', 'लेटेस्ट' हे शब्द घालू नकोस. लेटेस्टवर चालत नाही एवढंच लिहिलेली तक्रार मी वाचतच नसे, परत पाठवायची. आणि प्रत्येक बिल्डला एक साधा वाढता आकडा दे, जो कधीही मागे जाणार नाही आणि ज्याला कुणी नाव ठेवणार नाही.

सुरुवात १.० नंच करायला हवी असंही नाही. लिनक्सचा पहिला कर्नल सप्टेंबर १९९१ मध्ये ०.०१ म्हणून बाहेर पडला. १.० यायला मार्च १९९४ उजाडला.